अडुळशाला सहकुटुंब आवतण

लोक काश्मीरला जातात, उटीला जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना बसवून फोटो दाखवतात. मी त्या हिवाळ्यात सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर जाऊन आलो आणि येताना अडुळशाच्या दोन जुड्या आणल्या. आणखी काय आणलं ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्ही उठून मागच्या दाराला कडी घालून याल, आणि एकदा उठलेला श्रोता पुन्हा बसत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी नाशिकला एका सहकारी संस्थेत कारकुनी करतो. ती पोटासाठी. एरवी मी हौशी नाटकवाला. माझ्या वाट्याला बहुधा भूत, खुनी किंवा वकील येतो, कारण आवाज खर्जातला आहे आणि भुवया जाड आहेत. त्यामुळे भुतांशी माझे संबंध सहकाऱ्यासारखे. निदान तोवर मी तसं मानत होतो.

प्रवासाचं कारण माझी बायको सुमन. तिला दमा आहे. दिवाळी सरली आणि गोदावरीवर सकाळचं धुकं बसायला लागलं, की तिच्या छातीत शिट्टी सुरू होते. मी एकदा म्हणालो, छातीत सनई वाजतेय. श्वास सापडल्यावर ती म्हणाली, "वाजवणारे तुम्ही नाही, म्हणून सुरात आहे." माझी आईही दम्याची. तिला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. सासूसुनेचं रक्ताचं नातं नाही, पण सुमनचं म्हणणं एकच: "सासूबाईंनी पाटल्या नणंदेला दिल्या आणि खोकला मला."

आदल्या हिवाळ्यात मात्र हे सगळे विनोद संपले होते. सुमनला दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. नाकात नळी, डोळे माझ्यावर. मी माणसांना हसवून बेजार करणारा प्राणी, पण त्या दुपारी मला एक वाक्य सुचलं नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "असा आणखी एक हिवाळा यांना झेपणार नाही." ते वाक्य मी तिला सांगितलं नाही. पुढे कळलं, तिनं ते दाराआडून ऐकलं होतं.

तिचा धाकटा भाऊ भास्कर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा तो अडुळशाच्या पाल्यामागे लागला होता. त्या पाल्यात एक द्रव्य असतं, व्हॅसिसीन. परदेशातल्या रसायनवाल्यांनी त्याच्याच घडणीवरून कफ पातळ करणारं औषध बेतलं, ते आपल्याकडे दुकानात मिळतं. पण झुडपाचा पाला नुसता खाल्ला तर किती गुण येतो, हे कोणी नीट मोजलेलं नाही, ही भास्करची तक्रार. त्याच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, आमच्या पाड्यावर लहानू भगत आहे, तो अडुळशावर दमा उतरवतो. भास्करला पाला हवा होता, मला सुमन हवी होती. सुमनला घरातून बाहेर पडायला निमित्त हवं होतं. निघालो.

सावळघाटातून

पेठच्या रस्त्याला सावळघाट लागला की हवा बदलते. नाशिकची थंडी अंगावर येते. इथली थंडी खालून, दरीतून, आपल्याला हुडकत वर येते. डिसेंबरातलं धुकं सकाळ उलटली तरी हललेलं नव्हतं. एसटीचा पुढचा दिवा लावलेला, आणि त्या दिव्याच्या पुढ्यात काही नाही. सागाची झाडं एकदम खिडकीशी येत आणि मागे सरत, बोलवायला आल्यासारखी.

सुमन पदर नाकाशी धरून बसली होती. तिला हसवावं म्हणून मी कंडक्टरची नक्कल केली. त्याची तिकीट फाडायची लकब, त्याचं नाकातलं "पुढं सरका". गाडीभर लोक हसले. कंडक्टरही हसला. मी इतका रंगलो की फाटा आला तेव्हा सामान उतरवताना एक पिशवी वर फळीवरच राहिली. गाडी धुक्यात दिसेनाशी झाल्यावर सुमननं विचारलं, "माझ्या गोळ्यांची पिशवी कोणाकडे आहे?"

भास्करनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, तुमच्या नाटकाचा पुढचा प्रयोग कधी?"

"उद्या सकाळी," मी म्हणालो. "मुक्कामाची गाडी आहे, याच फाट्यावरून परत जाईल."

एका दिवसाचा तर प्रश्न होता.

पाड्यावर

पाडा म्हणजे कुडाच्या भिंतींची थोडी घरं, शेणानं सारवलेली अंगणं आणि अंगणात झोडून झालेल्या नागलीचे, म्हणजे आपल्या नाचणीचे, ढीग. आपल्याकडे पाहुणा आला की आधी आत बसवतात, मग पाणी. इथे आधी दारातच पायांवर पाणी घालतात. लहानू भगताची बायको जनीबाई तांब्या घेऊन उभीच होती. तिनं आमच्या पायांवर पाणी ओतलं आणि कोरा चहा दिला, गवती चहाची पात घातलेला, काळाकुट्ट. सुमनला तो इतका आवडला की तिनं दुसऱ्यांदा मागून घेतला. आमच्या घरी बिनदुधाचा चहा दिला तर पाहुणे वाईट तोंड करतात.

भगत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जटा, भस्म वगैरे होतं. लहानूबाबा निघाला टेरिलिनच्या शर्टातला, हातात घड्याळ बांधलेला गृहस्थ. घड्याळ बंद होतं. मी विचारलं तर म्हणाला, "येळ बघाया नाय बांधलं. नायतर हात मोकळा दिसतो." कमालीचा बढाईखोर. त्यानं बरा केलेला फौजदार, त्यानं बरा केलेला रेंजर, त्या रेंजरची सासू. आणि स्वतःचा गुडघा? तर त्यासाठी तो महिन्याला सरकारी दवाखान्यात सुई टोचून घ्यायला जात होता.

"स्वतःला पाला नाही लावत?" भास्करनं विचारलं.

"हाडाला पाला लागत नाय, सर. पाला दमाला, खोकल्याला. तुमी बी सगळ्या पोरांना एकच विषय शिकवता का?"

त्यानं सुमनला पाठमोरं बसवलं, पाठीला कान लावला आणि बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. भास्कर पुटपुटला, स्टेथोस्कोप निघायच्या आधी डॉक्टरही असंच करत.

"दम आत कोंडलाय," लहानूबाबा म्हणाला. "तुज्या एकटीचा नाय, बाय. दुसऱ्याचा बी हाय त्यात."

सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगत होते ना, नणंदेला पाटल्या."

मग त्यानं रीत सांगितली. अडुळसा असा ओरबाडून आणायचा नाही. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला त्याला आवतण द्यायचं. हळदकुंकू, तांदूळ घेऊन घरधन्यानं एकट्यानं जायचं. आपण कोण, कोणासाठी आलो ते सांगायचं आणि म्हणायचं, उद्या सकाळी ये. बस. मग वळायचं, मागं बघायचं नाही, उंबरा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. त्या संध्याकाळी जेवताना पाहुण्याचं एक पान जास्तीचं मांडायचं. सकाळी पाला तोडताना आपली सावली झुडपावर पडू द्यायची नाही, आणि औषध रोग्याच्या तोंडात पडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

भास्करचे डोळे चमकले. "झकास. मग दुसऱ्या एका झुडपाचा पाला आवतणाशिवाय तोडतो. दोन्ही तपासतो. फरक पडतो का कळेल."

"तोडा की," लहानूबाबा म्हणाला. "त्याला कोण नाय म्हणतंय."

आवतण

तिन्हीसांजेला मी हळदकुंकवाची पुडी आणि मूठभर तांदूळ घेऊन पाड्याच्या टोकाला गेलो. शेताच्या बांधावर अडुळशाची कुंपणासारखी लांब रांग होती. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो माजलेला. फुलं लागली होती. अडुळशाचं फूल कधी निरखून पाहिलंय? पांढरं असतं, आणि त्याला वरचा ओठ, खालचा ओठ असतो. सगळी फुलं तोंड उघडून होती. धुकं परत उतरत होतं आणि त्या पांढऱ्या तोंडांचा अख्खा बांध माझ्याकडे वळलेला.

झुडपांच्या आतून कमरेएवढे दगड उभे दिसत होते, ओळीनं. कसलं तरी कोरीवकाम, शेंदराचे जुने डाग. मला वाटलं, हद्दीचे दगड. आणि माझ्यातला नट जागा झाला. समोर ओळीनं बसलेले प्रेक्षक, पडदा वर गेलेला, आणि मी नुसतं "उद्या ये" म्हणून परत फिरू? मी तांदूळ वाहिले, घसा खाकरला आणि खर्जात सुरू झालो.

"आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या सौभाग्यवती सुमन यांचा दमा उतरविण्याचे योजिले आहे. तरी, अहो अडुळसाराव, आपण उद्या सकाळी सहकुटुंब, सहपरिवार येऊन कार्यास शोभा आणावी."

लग्नाच्या पत्रिकेत छापतात ते मला तोंडपाठ. आपल्यापैकी कोणालाही असतं. एकट्याला बोलावणं हे आपल्या तोंडात बसतच नाही.

वारा थांबला. नाटकात असं होतं तेव्हा विंगेतला माणूस पंखा बंद करतो. इथे विंगेत कोणी नव्हतं. दूरवर नागली झोडायचा आवाज येत होता, तोही थांबला. मी वळलो आणि निघालो.

माझ्या मागे सागाची वाळली पानं वाजायला लागली. मी चाललो की वाजत. मी थांबलो, तर तीही थांबली, पण लगेच नाही. थोडी उशिरा, जशी मागची माणसं पुढच्याला धडकून थांबतात तशी. रंगभूमीवर मी अनेकांच्या मागे असाच चाललो आहे, त्यामुळे हे मागचे कसलेले आहेत एवढं मला कळलं. मी मागे पाहिलं नाही. धैर्यानं नव्हे. मान वळेना.

दारात जनीबाई तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, दारातून चांगली बाजूला सरली, आणि माझ्या मागच्या रिकाम्या मातीवर आणखी पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. तांब्या संपला तशी आत जाऊन दुसरा घेऊन आली.

जेवण

दिवेलागणीलाच तिथे पानं मांडतात. पळसाच्या पत्रावळी, नागलीच्या भाकरी, उडदाचं वरण, वरईचा भात आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, झणझणीत चटणी. पाहुण्याचं पान भिंतीशी मांडलेलं.

"काय बोललात झाडाला?" लहानूबाबानं सहज विचारलं.

एखाद्या नटाला कोणी असं सहज विचारू नये. मी बसल्या जागी सगळं करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. भास्कर घास हातात धरून हसत सुटला. सुमन हसता हसता खोकायला लागली. लहानूबाबा हसला नाही.

"सहकुटुंब म्हणालात?"

"आणि सहपरिवार," सुमन म्हणाली. "यांच्या तोंडाला झाकण नाही, बाबा."

"कुटुंब कोण त्याचं, ठावं हाय?"

"हद्दीचे दगड होते तिथे," मी म्हणालो.

"हद्दीचे नायत ते. आमचे म्हातारे हायत. जो जातो त्याचा दगड तिथं लागतो. खोकल्यानं गेलेल्यांचे अडुळशात लावतो, म्हंजे त्यांना बरं पडतं." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आणि तुमचं कुटुंब बी त्यातच आलं. आवतण तुमच्या घरचं हाय."

त्यानं बायकोला त्यांच्या बोलीत काही सांगितलं. जनीबाईचा चेहरा बदलला नाही. तिनं उठून भिंतीच्या कडेनं पत्रावळी मांडायला सुरुवात केली. एकीला लागून दुसरी, पार कोपऱ्यापर्यंत. मग आमच्या तपेलीतला भात थोडा थोडा सगळ्यांवर वाढला, बाजूला चटणी. अवेळी पंगत वाढली म्हणून वैतागलेली गृहिणी आपल्याकडे भांडी आपटते. ही प्रत्येक पानाशी क्षणभर थांबत होती, हात पुरे म्हणतो का बघत असल्यासारखी.

"भाऊजी, आता आहेर कोण घेणार?" भास्कर म्हणाला.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खोकलं.

खोकला अंगणातूनच आला. दोन लहान, एक लांबलचक, आणि शेवटी एक "हं", जणू खोकल्याला संपायची परवानगी दिली. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. तो "हं" मी लहानपणापासून स्वयंपाकघरातून ऐकलेला होता.

"सासूबाई," सुमन म्हणाली. घाबरून नाही. पाहुणा ओळखीचा निघाला तसं.

"वानर आहे," भास्कर म्हणाला. "वानर बिथरलं की असंच खोकतं. नाहीतर बिबट्या. दोन्ही खोकल्यासारखेच आवाज काढतात, ताई, शास्त्रीय माहिती आहे."

"वानर अंधार पडला की चूप बसतं," लहानूबाबा म्हणाला, "आणि बिबट्याला 'हं' म्हनता येत नाय." मग त्यानं वाकून चटणी मागितली आणि जेवू लागला. मी नंतर जेवलो की नाही, आठवत नाही.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं. काही झालं असलं तर ते मला वगळून झालं.

सकाळी

उजाडल्यावर पाहिलं, भिंतीकडची पानं रिकामी होती.

"कोंबड्या," भास्कर म्हणाला. कोंबड्या टोपलीखाली झाकलेल्या होत्या, तेव्हा तो "उंदीर" म्हणाला. मी वाद घातला नाही. पण कोपऱ्यातल्या शेवटच्या पानावरची चटणी तेवढी शिल्लक होती, बोटानं पानाच्या डाव्या कडेला सारलेली. माझी आई तिखट खायची नाही. वाढलेली चटणी ती बोटानं डाव्या कडेला सारायची, वाढणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

मी आणि लहानूबाबा मुक्यानं बांधाकडे गेलो. भास्कर दुसऱ्या टोकाला त्याचा बिनआवतणाचा पाला तोडायला गेला. धुकं इतकं की सावलीचा प्रश्नच नव्हता. मी कालच्या झुडपाचा पाला तोडला, फांद्यांसकट जुडी बांधली. परत फिरलो तर कानाशी सुमनच्या छातीची शिट्टी वाजली. घर अजून लांब होतं. एवढ्या लांबून ती ऐकू येणं शक्य नव्हतं. मी धावत सुटलो.

घरात चूल पेटली होती, ओली लाकडं, बाहेर धुकं, त्यामुळे धूर बाहेर पडत नव्हता आणि सुमन त्या धुरात बसून होती. दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर ओढलेले, ओठांचा रंग मागच्या हिवाळ्यातला. तिनं माझ्याकडे पाहिलं. तीच नजर, दवाखान्यातली. आणि औषध तिच्या तोंडात पडेपर्यंत मला बोलायचं नव्हतं. जन्मभर बडबड करणाऱ्या माणसाला देवानं ही वेळ निवडून दिली. मी नुसता तिचा हात धरून बसलो. तिनं तो इतक्या जोरानं दाबला की अंगठी बोटात रुतली.

भास्कर मागून आला आणि एका क्षणात मास्तर झाला. "आधी बाहेर काढा. धुरातून बाहेर." आम्ही तिला उचलून अंगणात आणलं. भाताचं उखळ होतं, त्यावर हात टेकून तिला पुढे झुकवून बसवलं. "कोरा चहा करा, जितका कडक होईल तितका." मी डोळे मोठे केले. तो माझ्यावर खेकसला, "चहातलं द्रव्य आणि ताईच्या गोळीतलं द्रव्य चुलत भावंडं आहेत. गोळी नाही तर भावंडं चालतील."

लहानूबाबानं माझ्या हातातली जुडी घेतली. थोडा पाला दुसऱ्या पानांत गुंडाळून निखाऱ्यात पुरला, कारण हिरव्या अडुळशातून रस निघत नाही, आधी वाफवावा लागतो. जनीबाई मातीच्या परळात निखारे आणि त्यावर वाळला पाला घेऊन आली. निळसर धूर, घाण वास.

"काय आहे ते?" भास्करनं हुंगलं आणि ओरडला, "धोतरा आहे. मागे न्या. विष आहे ते."

जनीबाईला त्याची भाषा कळली नाही, किंवा तिनं कळू दिली नाही. सुमननंच मान पुढे करून एक श्वास ओढला. भास्करनं परळ लाथेनं उडवलं. मग चहा आला, घोट घोट पाजला. मग लहानूबाबानं वाफवलेला पाला पिळला, मध घालून चमचा तिच्या ओठांशी धरला.

तो रस गेला आणि मी म्हणालो, "सुमन." एवढंच सुचलं.

शिट्टी हळूहळू खाली उतरली. गावाबाहेर निघून जाणाऱ्या गाडीच्या आवाजासारखी. ओठांना रंग आला. पण डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर झाल्या होत्या, आणि ती आमच्याकडे बघतच नव्हती. अंगणाच्या कडेला, धुक्यात, ती एकेकाकडे बघत होती.

"किती माणसं बोलावलीत हो तुम्ही," ती म्हणाली. तिची जीभ कोरडी पडली होती, शब्द चिकटत होते. मग ती उखळापासून थोडी सरकली, शेजारी कोणाला तरी जागा करून दिली, आणि मान खाली घालून ऐकू लागली, सून ऐकते तशी.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"सासूबाई म्हणतात, दे इकडे तो खोकला. माझाच आहे."

मग ती उखळावर डोकं टेकून झोपली. छातीतून काही आवाज येत नव्हता. काहीच येत नव्हता म्हणून मी कान लावून पाहिलं. श्वास चालू होता, मोकळा.

अंगणाबाहेर, धुक्यात, कोणीतरी खोकत खोकत बांधाच्या दिशेनं लांब गेलं.

परत

फाट्यावर मुक्कामाची गाडी आली. कंडक्टरनं पिशवी माझ्या हातात दिली आणि माझी नक्कल केली, भुवयांसकट. मला हसू आलं नाही. गाडीभर लोक हसले.

सुमन खिडकीशी झोपली होती. भास्कर धुमसत होता. "प्रयोग नासला. धुरातून बाहेर काढली, चहा दिला, धोतरा दिला, अडुळसा दिला, सगळं एकदम. आता कशानं उतरला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. याला पुरावा म्हणत नाहीत, भाऊजी, याला धांदल म्हणतात."

"आणि तिनं जे पाहिलं ते?"

"धोतरा. श्वासनळ्या सैल करतो हे खरं. एके काळी डॉक्टरसुद्धा त्याच्या विड्या ओढायला सांगत. पण एका पानात किती जहर आणि दुसऱ्यात किती, याचा नेम नाही. एक श्वास जास्त झाला की माणूस भिंतीशी गप्पा मारतो. आणखी एक झाला की तेही बंद. पुन्हा असला खेळ करायचा नाही. आणि गोळ्या चालूच ठेवायच्या. अडुळसा कफ पातळ करेल, दमा घालवणार नाही."

हे सगळं मला पटलं. मी फक्त एक विचारलं. "धोतऱ्याचा धूर तिनं ओढला. मी कुठे ओढला होता? आणि ते खोकणं मीही ऐकलं."

"तुम्ही नट आहात," भास्कर म्हणाला आणि बाहेर बघू लागला. थोड्या वेळानं त्यानं स्वेटरची कॉलर वर ओढून घेतली. त्यानंही ऐकलं होतं.

नाशिक

भास्करनं दोन्ही जुड्या कॉलेजात तपासल्या. आवतणाचा पाला, बिनआवतणाचा पाला: द्रव्य दोन्हींत सारखंच. नाशिकच्या एका कुंपणावरचाही तपासला, तोही तसाच. तो विजयी मुद्रेनं घरी आला. "झाडाला बोलावून काही होत नाही. सिद्ध झालं."

पुढे लहानूबाबा गुडघ्यासाठी नाशिकला आला तेव्हा आमच्याकडे उतरला. दुधाचा चहा तो कौतुकानं प्यायला. मी त्याला भास्करचा निकाल सांगितला, जरा खिजवूनच. त्यानं घड्याळाचा हात खालीवर केला.

"पाल्यात फरक कशाला पडंल? आवतण पाल्याला नव्हतंच."

"मग कोणाला?"

तो मागच्या अंगणात बघत होता. तपासून उरलेल्या फांद्या सुमननं कुंपणाशी खोचल्या होत्या. अडुळसा फांदीनंही लागतो. लागला होता, कमरेएवढा झाला होता. "हा कुठल्या जुडीचा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, आवतणाच्या. त्यानं मान हलवली आणि गुडघ्याविषयी बोलायला लागला.

सुमनला झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, तो हिवाळा तिला झेपला. त्याच्या पुढचाही. गोळ्या घेते, धुरात बसत नाही, अडुळशाचा काढा पिते. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा गुण. भास्कर म्हणतो, गोळ्या आणि थोडा अडुळसा. मी काही म्हणत नाही, आणि ही माझ्या आयुष्यातली अपूर्व घटना आहे.

परवा तिन्हीसांजेला मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. मागच्या बाजूला खोकला आला. दोन लहान, एक लांब. मी हाक मारली, "सुमन, गोळी घेतलीस का?"

ती माझ्या समोरच्या खोलीतून, हातात निवडायचे तांदूळ घेऊन, बाहेर आली. "मी कुठे खोकले? दिवाळीपासून मी एकदाही खोकले नाही."

मागे, कुंपणाशी, कोणीतरी "हं" म्हणालं.

सुमननं हातातले तांदूळ खाली ठेवले. मग ती स्वयंपाकघरात गेली. ताटली काढल्याचा आवाज आला, भात वाढल्याचा आवाज आला. ताटली तिनं माझ्या हातात दिली.

"मी नाही जाणार," मी म्हणालो.

"आवतण तुम्ही दिलंय," ती म्हणाली. "वाढा तुम्हीच. आणि चटणी घालू नका."